पिन काढा, दहापर्यंत मोजा, परत लावा

बोगदेबुवांना खुर्चीतून उठवणं सोपं नव्हतं. ऑफिसला आग लागली तर हा माणूस आधी ती बसल्या जागेवरून विझवता येते का ते बघेल, असं त्यांच्या कंपनीत म्हणत, आणि म्हणणाऱ्यांत त्यांचे साहेबही असत. कंपनी बिस्किटांची. तिचे कारखाने गावोगावी पसरलेले, आणि प्रत्येक कारखान्यातली भट्टी, वजनकाटा, पॅकिंगचं मशीन असं सगळं एकेका कॉम्प्युटरला जोडलेलं. पूर्वी यातलं काही अडलं की माणूस पाठवावा लागे. बुवा आले आणि ती कटकट मिटली. ते बुटांतून पाय मोकळे करत, खुर्चीवरच मांडी ठोकत, आणि दूरच्या कारखान्यातल्या वजनकाट्याला इथूनच वठणीवर आणत. आपण आजवर एकाही कारखान्यात पाऊल टाकलेलं नाही, हे ते छाती फुगवून सांगत. बिस्किटं भाजतात कशी, ते त्यांनी पडद्यावरच पाहिलं होतं.

त्यांचं खरं नाव पगाराच्या कागदावर असेल. बाकी सगळ्यांना ते बोगदेबुवा, कारण प्रत्येक दुखण्यावर त्यांचं औषध एकच, बोगदा. हा बोगदा म्हणजे काय ते आधीच सांगून टाकलेलं बरं. कारखान्यातल्या कॉम्प्युटरकडे बाहेरच्या कोणाला थेट जाता येत नाही, इंटरनेटवाल्यांनी दार आतून लावलेलं असतं. आतल्याला मात्र बाहेर जायला बंदी नसते. म्हणून आतला कॉम्प्युटर स्वतःच उठून बाहेरच्या एका सर्व्हरला गाठतो आणि कुलूपबंद, मधल्या कोणाला वाचता येणार नाही अशी एक लाइन धरून ठेवतो. वर सांगून ठेवतो की, बाबा रे, तुझ्या अमुक नंबरच्या दारावर कोणी टकटक केली तर त्याला या लाइनीने माझ्याकडे धाड. या नंबराच्या दाराला पोर्ट म्हणतात. म्हणजे बोगदा आतून बाहेर खणायचा आणि त्यातून बाहेरून आत जायचं. बुवांना या उलट्या वाटेचा इतका लळा होता की सरळ वाट समोर असली तरी त्यांना ती दिसत नसे.

घरीही तोच खाक्या. चहा झाला का, हे ते बाहेरच्या खोलीतून स्वयंपाकघरातल्या बायकोला मोबाईलवर लिहून विचारत. ती लेखी उत्तर देत नसे. भांडी जरा जोरात आपटे, आणि निरोप बरोबर पोचे. कपडेसुद्धा बसल्या जागी मागवलेले. वडील जन्मभर टेलर, अख्खं गाव त्यांना मास्तर म्हणे, आणि मुलाच्या शर्टाच्या बाह्या बोटांपर्यंत लोंबत. बुवा त्या दुमडून घेत आणि हल्ली अशीच फॅशन आहे म्हणत.

मास्तर दुसऱ्या गावी एकटे राहत होते. बसने अर्ध्या दिवसाचा रस्ता. दोन खोल्या, खिडकीशी शिलाईचं मशीन, भिंतीवर माणूसभर उंचीचा आरसा, आणि आरशाच्या कडेला खिळ्यावर टेप. बायको गेली तेव्हा त्यांनी दुकान बंद केलं, पण मशीन घरी आणलं. शेजाऱ्यांच्या पँटी आखूड करण्यात आणि उसवलेलं शिवण्यात त्यांचा दिवस बरा जात होता. मग एकदा ते न्हाणीघरात घसरले. हाड मोडलं नाही. त्यांच्या मुलीचा, म्हणजे बुवांच्या ताईचा, धीर मात्र मोडला.

ताई थोरली. एका मोठ्या शाळेची मुख्याध्यापिका, आणि इतक्या लांबच्या शहरात की यायचं तर विमानानेच. घरच्यांशीही ती हजेरी घेतल्यासारखी बोले. तिने एक वृद्धनिवास हेरलं होतं, स्वच्छ, हवेशीर, आणि मुख्य म्हणजे तिथे चोवीस तास माणूस. फक्त खोलीत सुया-कात्र्या चालणार नव्हत्या, त्यामुळे मशीनही नाही.

"मग मी तिथे करू काय?" मास्तरांनी विचारलं होतं. याचं उत्तर माहितीपत्रकात नव्हतं.

तेव्हा बुवा पुढे सरसावले. म्हणजे खुर्चीतच सरसावले. "बाबांच्या खोलीत एक कॅमेरा बसवू. तो एका डबीला जोडू. डबी सर्व्हरपर्यंत बोगदा काढेल. तू तिकडून बघ, मी इकडून बघतो. त्यांना हलवायचं कारणच काय?"

ताईने विचार केला. "ठीक आहे. मला बाबा दिसत राहिले तर राहू देत तिथे. दिसायचे बंद झाले, तर मी येऊन घेऊन जाणार. मग मला कोणी अडवायचं नाही."

म्हणजे मास्तरांचं घर, खिडकी आणि मशीन आता एका बोगद्यावर लटकत होतं. बुवांना त्यात काळजी वाटण्यासारखं काही दिसलं नाही. त्यांनी कॅमेरा आणि पत्त्यांच्या कॅटाएवढी ती डबी कुरियरने पाठवून दिली. स्वतः नेली असती तर वडीलही भेटले असते, पण हा विचार त्यांच्या मनाला शिवला नाही. मास्तरांनी फोनवर ऐकत ऐकत सगळं जोडलं आणि कॅमेरा आरशावर टेकवला.

"दिसताय," बुवा म्हणाले.

"मला काहीच दिसत नाही," ताई म्हणाली.

"इथून तर दिसतंय."

हे बुवांचं ब्रह्मवाक्य होतं. कारखान्यातून कोणीही रडत फोन केला की ते आधी हेच म्हणत, आणि निम्मे लोक ते ऐकूनच गप्प बसत. ताई बसणारी नव्हती. बुवांनी तिला मोबाईल बंद करून चालू करायला लावला, शाळेच्या कॉम्प्युटरवरून बघायला लावलं, भाच्याच्या टॅबवरून बघायला लावलं. तिच्या शहरातल्या इंटरनेटच्या दर्जाबद्दल त्यांनी दोन कडक वाक्यंही ऐकवली. या सगळ्यात ताई रोज संध्याकाळी बाबांना फोन करत होती, दिसत नाही म्हटल्यावर करणार काय. "बाबा, काय करताय? उभे राहा बघू. चक्कर येते का? जेवलात का? भाजी कुठली केली?" मास्तरांचं जेवण निवून जाई. त्यांनी कधी तक्रार केली नाही.

शेवटी ताई म्हणाली, "तू मुद्दाम दाखवत नाहीयेस मला. बाबांची तब्येत बरी नाही आणि तू लपवतोयस."

हे बुवांच्या जिव्हारी लागलं. बहिणीने अडाणी म्हटलं असतं तरी चाललं असतं, पण खोटारडा म्हणावं? त्या तिरमिरीत त्यांनी कधी नव्हे ते घरचं वाय-फाय बंद केलं आणि परक्या माणसासारखं, साध्या मोबाईलवरून बाबांना बघायचा प्रयत्न केला. काहीच दिसलं नाही. बुवांचा चेहरा उतरला. इतके दिवस ते सर्व्हरच्या आत शिरून तिथून बघत होते. सर्व्हरची तर रीतच अशी, की बोगद्याचं दार तो फक्त आतल्यांसाठी उघडतो. बाहेरच्यांना द्यायचं असेल तर एका ओळीत 'नाही'च्या जागी 'होय' असं स्वतः लिहावं लागतं. बुवा घरात उभं राहून दार उघडं असल्याची ग्वाही देत होते, आणि ताई बाहेर उंबऱ्यावर खोळंबली होती.

त्यांनी ती ओळ बदलली, वर पासवर्ड लावला, आणि ताईला कळवलं, "तुझ्याकडचा प्रॉब्लेम सुटला बहुतेक. बघ आता."

ताईला बाबा दिसले. मशीनवर वाकलेले, चष्मा नाकावर, तोंडात दोरा. तिला भरून आलं. "किती पिकलेत रे केस," ती म्हणाली. दुसऱ्या दिवसापासून ती शाळेच्या मधल्या सुट्टीत एकदा आणि झोपताना एकदा बघून घ्यायला लागली, आणि तिचा जीव भांड्यात पडला. संध्याकाळचा फोन बंद झाला. दिसताहेत की चांगले, उगाच रोज फोन करून त्यांना कशाला त्रास, असं ती म्हणाली, आणि बुवांना ते अगदी पटलं.

काही दिवस बरे गेले. मग गावातली लाइन मध्येच गेली, आली, आणि चित्र काही परत येईना. बुवांनी बाबांना फोन लावला.

"बाबा, डबीवर कुठले दिवे लागलेत?"

"थांब, चष्मा बदलतो." बराच वेळ गेला. "दोन हिरवे आहेत. पण एक पोपटी आहे आणि एक शेवाळी."

"आणि लाल?"

"लाल नाही."

"नाही?"

"विटकरी आहे."

"तोच तो. आता असं करा, डबीची पिन काढा, दहापर्यंत मोजा, परत लावा."

मास्तरांनी मोजायला सुरुवात केली. पाचवर सुनेच्या गुडघ्याची चौकशी केली, सातवर तिकडे पाऊस आहे का विचारलं, आणि आठवर आल्यावर आपण कुठे होतो ते विसरून पुन्हा एकपासून धरलं. बुवांनी कपाळाला हात लावला, पण चित्र आलं. "काही अडलं तर मला विचारल्याशिवाय कशाला हात लावू नका," असं बजावून त्यांनी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी चित्र पुन्हा गेलं. तिसऱ्या दिवशीही. मग त्याची सवयच लागली. बुवांचं जेवण होऊन जरा डोळा लागायची वेळ झाली की पडदा काळा. विशेष म्हणजे डबी सर्व्हरला जोडलेली दिसे, लाइन शाबूत, आणि तरी पलीकडचं काही पोचत नसे. हा प्रकार बुवांनी तासाभरात ओळखला, हे त्यांच्या बाजूने सांगितलं पाहिजे. डबी अचानक मरे, पण आपण मेलो हे सर्व्हरला सांगून मरत नसे. सर्व्हर बिचारा जुन्या लाइनीसाठी ते दार राखून बसे. डबी पुन्हा जिवंत होऊन आली की तिला सांगे, या दारावर आधीच कोणीतरी आहे. बाकावर रुमाल टाकून गेलेला माणूस परत आला तरी त्याच्याच रुमालापायी त्याला बसायला मिळू नये, तशातली गत. बुवा सर्व्हरवरचा रुमाल उचलत, बाबांना फोन करत, आणि दिवे, पिन, दहापर्यंत मोजणं हा सगळा कार्यक्रम रोज पार पडे. मास्तर घाई करत नसत. एकदा तर त्यांनी मोजता मोजता एका गिऱ्हाइकाची सबंध गोष्ट सांगितली, आणि ती खरोखर मजेशीर होती, हे बुवांनी बायकोलाही सांगितलं.

पण डबी का मरते, ते कळत नव्हतं. बुवांनी आकाशपाताळ एक केलं. इंटरनेटवाल्यांशी भांडले. नवी वायर पाठवली, मग नवा अ‍ॅडाप्टर पाठवला, सगळं कुरियरने.

"बाबा, दुपारी वीज जाते का?"

"नाही. पंखा चालू असतो."

"तिकडे कोणी येऊन हात लावतं का?"

"कोण येतंय इथे?"

दोन्ही उत्तरं खरी होती. डबीला विचारलं तर तीही खरंच सांगत होती की मी रोज दुपारी नव्याने चालू होते. पिन कोणी काढत असेल, ही शंका मात्र बुवांना आली नाही. पिन काढायची ती आपण सांगितल्यावरच, असं त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

"अहो, एकदा जाऊन या की," बायको म्हणाली.

"जाऊन काय करू? घोळ सर्व्हरवर आहे."

"बाबा सर्व्हरवर नाहीत." एवढं बोलून ती भाजी चिरायला लागली, आणि बुवांनी मोबाईलमध्ये डोकं घातलं.

इकडे ताईची सहनशक्ती संपली. "मधल्या सुट्टीत बघावं तर रोज काळं. वर्गात लक्ष लागत नाही माझं. मी रविवारी येतेय. वृद्धनिवासाशी बोलले आहे, खोली तयार आहे. तिकीट काढलंय."

"रविवारच्या आत पक्कं करतो," बुवा म्हणाले.

आणि केलं. बाकी काही म्हणा, माणूस कामाला पक्का होता. त्यांनी सर्व्हरला शिकवलं की दर थोड्या वेळाने पलीकडच्याला हाक मार, ओ आली नाही तर तो गेला असं समज आणि दार मोकळं कर. डबीला शिकवलं की दार मिळालं नाही तर लाइन सोड, थांब, आणि पुन्हा ये. त्या दुपारी चित्र गेलं आणि मिनिटा-दोन मिनिटांत आपलं आपण परत आलं. फोन नको, दिवे नकोत, मोजणं नको. बुवा स्वतःवर इतके खूश झाले की त्यांनी उठून स्वतःचा चहा स्वतः केला. पडद्यावर बाबा दिसत होते. मशीन सोडून ते फोनशेजारच्या स्टुलावर बसले होते, हात मांडीवर, फोनकडे बघत. बराच वेळ तसेच बसले होते. आराम करताहेत, बरं झालं, असं बुवांनी मनाशी म्हटलं.

दुसऱ्या दिवशीही चित्र गेलं, आलं, आणि बाबा स्टुलावर बसलेले दिसले. तिसऱ्या दिवशी, म्हणजे शुक्रवारी, चित्र गेलं ते आलंच नाही. बुवांनी वाट पाहिली. सर्व्हर हाका मारून थकला. शेवटी त्यांनी फोन उचलला.

"बाबा, डबीवर कुठले दिवे लागलेत?"

"एकही नाही."

"पिन नीट बसली आहे का?"

"पिन माझ्या हातात आहे."

"मग लावा."

"मी नाही लावणार," मास्तर शांतपणे म्हणाले. "आता तूच येऊन लाव." आणि त्यांनी फोन ठेवला.

बोगदेबुवा खुर्चीतून उठले. रविवार परवावर आला होता, आणि या बिघाडाला बोगदा नव्हता. शनिवारी सकाळच्या बसने ते निघाले. बायकोने डबा भरून दिला.

मास्तरांनी दार उघडलं. आत दोन कप मांडून ठेवले होते. मुलाला त्यांनी पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं, जसं गिऱ्हाइकाला न्याहाळत, आणि नजर बाह्यांवर थांबली.

"हात आखूड झाले का रे तुझे?"

"बाबा, डबीला काय झालंय?"

"डबीला काही नाही. डबी उत्तम आहे. पिन मीच काढतो रोज, जेवण झालं की."

बुवा उभेच राहिले. "का पण?"

मास्तरांनी कपात चहा ओतला. "ती लावलेली असली की कोणी फोन करत नाही. आधी ताई रोज करायची, तिला दिसायला लागलं आणि तिचा थांबला. मग तूच शिकवलंस, पिन काढा म्हणून. काढली की तुझा फोन यायचा. चांगलं चाललं होतं. या आठवड्यात काढली, लावली, बसून राहिलो, तर तूही करेनास. म्हटलं, आता मुलातच काही बिघाड झाला."

स्टुलावर बसलेले बाबा त्यांनी दोन दुपारी पाहिले होते, अगदी स्वच्छ, एकही रेघ न हलता, आणि चित्र चांगलं येतंय म्हणून खूश झाले होते. त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की चहाचा कप तोंडाला लावून त्यांनी चेहरा झाकून घेतला.

"तुम्हाला माहीत आहे ना," ते कसेबसे म्हणाले, "हे बंद राहिलं तर ताई उद्या तुम्हाला तिकडे नेणार? खोलीसुद्धा घेतली आहे."

"माहीत आहे." मास्तरांनी मशीनवर हात ठेवला. "हे तिथे नाही, ते वाईटच. पण चोवीस तास माणूस असतो म्हणाली. माणूस म्हटल्यावर काहीतरी बोलत असेल ना."

त्यांच्या आवाजात रुसवा नव्हता. दोन कापडांतलं कुठलं घ्यावं, असं गिऱ्हाईक विचारतं, तसं ते बोलत होते. बुवा कप ठेवून उठले, कोपऱ्यात गेले, आणि जमिनीवर पडलेली पिन त्यांनी हातात घेतली. निदान हे तरी करता येण्यासारखं होतं.

तेवढ्यात फोन वाजला. मास्तरांनी नाव पाहिलं आणि मुलाकडे बघून हसले. ताईच्या पडद्यावर कालपासून काळं होतं.

"बोल गं. नाही, पडलो नाही. बिघाड नाही, मीच काढून ठेवलंय. का म्हणजे? ते चालू असलं की तू बघतेस, आणि बंद असलं की बोलतेस. म्हणून." मग मास्तर नुसतं "असू दे, असू दे" म्हणत राहिले. "उद्या येतेस ना? ये. टेप काढून ठेवला आहे. तुझं शेवटचं माप कॉलेजात होतीस तेव्हाचं, त्यावर आता काही शिवता यायचं नाही. नाही गं, फोनवर सांगून नाही चालत. माप समोर उभं राहून द्यावं लागतं. सामान भरायचं की नाही, ते माप झाल्यावर बघू. हा पण आलाय. याच्या बाह्या बघशील तर हसशील."

बुवांनी भिंतीवरचं सॉकेट शोधलं आणि पिन पुढे केली. मास्तरांनी फोनवर तळहात ठेवला आणि हळूच म्हणाले, "आत्ता नको लावू. ती फोन ठेवेल."

बुवा मशीनशेजारी जमिनीवर बसले. पिन हातात धरून त्यांनी मनातल्या मनात दहापर्यंत मोजलं, आणि मग पुन्हा एकपासून मोजायला सुरुवात केली.